तीन पाण्यांनी धुतलेली काच

४ डिसेंबर, बुधवार

परत तेच! अ‍ॅडेनीन २५, थायमीन ३३. ग्वानीन २४, सायटोसीन १८. पाचव्यांदा!

बारावीच्या पोरांना अकरा वर्षं घोकवतेय – डीएनएमध्ये अ‍ॅडेनीन जेवढं, थायमीन तेवढंच. ग्वानीन जेवढं, सायटोसीन तेवढंच. मागच्या बाकावरचे सुद्धा झोपेतून उठवलं तरी म्हणतील. आणि माझ्या स्वतःच्या टेबलात आठ टक्क्यांचा खड्डा.

गाइड सर आले. कागद बघितला, चष्मा काढला, परत घातला. म्हणाले, "क्षिप्रा, हा डीएनए आहे की गटाराचं पाणी?" रावजी तिथेच बाटल्या पुसत उभे होते. त्यांच्यासमोर! मग पुढे – "एकतीस तारखेला पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन संपतंय. समिती बारा तारखेला बसते. मुदतवाढ हवी तर कागदावर कारण लागतं. 'जमलं नाही' हे कारण नाही. नाहीतर पाच वर्षं पाण्यात."

पाण्यातच म्हणायची. सगळं त्या पाण्यापासूनच सुरू झालं ना. तीन वर्षांपूर्वी खाडीकाठच्या खारातल्या सगळ्यांच्या तळ्यांतले जिताडे मासे अंगावर फोड येऊन मेले, एकट्या रावजींच्या तळ्यातले जगले. दुसऱ्या दिवशी हे आमच्या लॅबचे अटेंडंट प्लॅस्टिकच्या बाटलीत तळ्याचं पाणी घेऊन हजर – "मॅडम, बगा तरी, आमच्या पान्यात काय हाय त्या." त्यात हा विषाणू निघाला. फोड आणणाऱ्या जंतूलाच खाणारा. माझा प्रबंध उभा आहे तो त्या बाटलीवर. प्रकरण पहिलं, विषाणू सापडला. प्रकरण दुसरं, जंतू खातो. प्रकरण तिसरं, त्याचा डीएनए कसला आहे. इथे गाडी अडलीय.

सर गेल्यावर रावजी हळूच म्हणाले, "मॅडम, मुदत म्हंजे किती दिस देतान?" मी पर्स उचलून निघाले. रडू येत होतं.

५ डिसेंबर, गुरुवार

डोकं फिरलंय. आज सहाव्यांदा नमुना लावायचा होता. काचसामानाचा ट्रे तासभर सिंकमध्ये तसाच, फेस सुकत चाललेला – आणि रावजी कुठे? तर ऑफिसात! क्लार्क सुचिताच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसलेले. माझं घर जळतंय आणि यांच्या गप्पा.

बोलले काही नाही. पण ट्रे डोक्यात बसला. साबण! साबणाचा अंश राहिला तर मशीनवर थायमीनचा आकडा फुगू शकतो. बाकी सगळं मी स्वतःच्या हाताने करते. फक्त धुणं माझ्या हातात नाही.

७ डिसेंबर, शनिवार

केलं. सही केली.

सरांना साबणाचं सांगितलं तर त्यांचा चेहरा उजळला. "हे कारण झालं!" त्यांनीच मजकूर सांगितला, मी टाइप केला. 'प्रयोगशाळा अटेंडंट श्री. रावजी यांच्या निष्काळजीपणामुळे काचसामान दूषित राहून निष्कर्ष बाधित झाले.' निष्काळजीपणा हा शब्द माझा नाही. पण खाली सही माझी आहे, तेव्हा शब्दही माझाच.

प्राचार्यांनी कागद वाचला आणि नुसतं म्हणाले, "हं. म्हणजे तुमचंही हेच म्हणणं." मला वाटलं, सरांनी आधी फोन केला असणार.

रावजींना समज देतील, फार तर दुसऱ्या विभागात टाकतील. एवढंच होईल. एवढंच व्हावं.

११ डिसेंबर, बुधवार

काढलं. पंधरा वर्षं दर जूनला नवं कंत्राटी पत्र मिळायचं, यंदा मध्येच संपवलं.

दुपारी लॅबमध्ये आले. चावी माझ्या टेबलावर ठेवली. मी मायक्रोस्कोपमध्ये डोळा घालून बसले – काचेखाली काहीच नव्हतं. म्हणाले, "डिस्टिलचा पानी भरून ठेवलाय. तीन पान्यांनी धुवा सांगा नव्या मान्साला. नलाचा, मग गरम, मग डिस्टिलचा. मधला पानी इसरतान लोकं."

आरोप केलाय निष्काळजीपणाचा, आणि माणूस जाताना मधलं पाणी विसरू नका सांगतोय! मी "हो" म्हटलं. डोळा काढला नाही.

त्यांना ठाऊक नसावं तक्रार कोणाची ते. ठाऊक असतं तर असं बोलले असते का?

१३ डिसेंबर, शुक्रवार

मुदतवाढ मिळाली. सहा महिने. कारण – 'दूषित काचसामान'. सरांनी पेढे मागवले. मी एक उचलला आणि पर्समध्ये ठेवला.

१९ डिसेंबर, गुरुवार

नवा माणूस एजन्सीकडून आलाय, पण मी त्याला हात लावू दिला नाही. सगळं काचसामान मीच धुतलं. नळाचं, गरम, डिस्टिल्ड. मग चौथ्यांदा डिस्टिल्ड, माझ्याकडून. हातांची सालं निघाली. काही बाटल्या तर नव्याच काढल्या, खोक्यातल्या.

२५. ३३. २४. १८.

रावजी गेले, आकडे तेच.

२० डिसेंबर, शुक्रवार

कॉलेजला गेले नाही. बाबांना सांगितलं पित्त झालंय.

२७ डिसेंबर, शुक्रवार

मशीन बिघडलंय का बघायला सामन माशाचा विकतचा डीएनए लावला. त्याच बाटल्या, तेच पाणी, तेच हात. अ‍ॅडेनीन आणि थायमीन जवळजवळ बरोबर! ग्वानीन-सायटोसीनही बरोबर. म्हणजे मशीन ठीक. बाटल्या ठीक. मी ठीक.

मग फक्त विषाणूचाच डीएनए वाकडा कसा?

बाबा ओटीवर सुपाऱ्या कातरत होते. चाळीस वर्षं गणित शिकवलेला माणूस, त्यांना न सांगून जमेना. सगळं सांगितलं, सहीचंसुद्धा. अडकित्ता खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे नाचता येईना, अंगण वाकडं." मी म्हटलं, "बाबा, अजून सिद्ध व्हायचंय." तर म्हणाले, "रावजीच्या वेळी थांबली होतीस का सिद्ध व्हायला?"

जेवले नाही. लहान मुलीसारखा राग आला. खरं बोलले म्हणून.

३ जानेवारी, शुक्रवार

आज वर्गात डीएनए होतं. फळ्यावर तीच शिडी काढली – दोन धागे, मध्ये पायऱ्या. एका धाग्यावर अ‍ॅडेनीन असलं की समोरच्यावर थायमीनच. ग्वानीनसमोर सायटोसीनच. म्हणून दोन्हींची मोजणी बरोबर येते. समोरासमोर पंगत मांडलीय, इकडे जेवढी पानं तेवढीच तिकडे. माझं ठरलेलं वाक्य, पोरं ठरल्यासारखी हसली.

तिसऱ्या बाकावरची राही उभी राहिली. ही पोरगी नको तेच विचारते. "मॅडम, शिडी मधून उभी चिरली आणि एकच बाजू मोजली, तरी सारखंच येईल?"

मी म्हटलं, "परीक्षेला येत नाही ते. बस."

बसली बिचारी. मी पुढे शिकवत राहिले. एसटीत बसले, रेवदंड्याचा पूल आला, गेला, आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. नाही येणार सारखं! कशाला येईल? समोर पंगतच नाही तर पानं मोजून कोणाशी जुळवायची? एकाच धाग्यावर अ‍ॅडेनीन कितीही, थायमीन कितीही. कोणाचं कोणावर बंधन नाही.

माझा विषाणू एकेरी धाग्याचा आहे.

एमएस्सीला एका ओळीत वाचलं होतं, असे असतात म्हणून. परीक्षेपुरतं पाठ केलं. खाडीच्या पाण्यातले बहुतेक दुहेरीच सापडतात, म्हणून हाही दुहेरी धरला. सरांनी धरला, मीही धरला. आकडे सहा वेळा ओरडून सांगत होते – आम्ही असे आहोत, असेच आहोत! आणि मी त्यांना घाण म्हणत होते.

माझा स्टॉप मागे पडला. पुढच्या नाक्यावर उतरून चालत आले.

९ जानेवारी, गुरुवार

तपासलं. आता तरी तपासलं.

दुहेरी डीएनए तापवला की ठराविक तापमानाला धागे सुटतात आणि मशीनवरची रेघ एकदम वर उडी मारते. सामनच्या डीएनएने मारली. रावजींच्या तळ्यातल्याने नाही मारली. रेघ म्हाताऱ्या माणसासारखी हळूहळू चढत गेली. सुटायला दुसरा धागाच नाही ना. फक्त एकेरी धागा खाणारं एन्झाइम घातलं, तर अर्ध्या तासात सगळं फस्त. सामनला त्याने तोंड लावलं नाही.

आनंद व्हायला हवा. झाला – खोटं कशाला लिहू, दहा मिनिटं नाचावंसं वाटलं. मग सिंककडे लक्ष गेलं.

सहाही वेळचे आकडे खरे होते. म्हणजे सहाही वेळची काच स्वच्छ होती.

१३ जानेवारी, सोमवार

सर खूश. पेपर होईल म्हणाले, चांगल्या ठिकाणी होईल. मी म्हटलं, "आणि रावजी?"

"त्यांचं काय?"

"काच स्वच्छ होती, सर. तक्रार मागे घ्यायला हवी."

त्यांनी केबिनचं दार लावलं. ओरडले नाहीत, हेच वाईट. समजावून सांगितलं. मुदतवाढ मिळाली ती दूषित काचसामानाच्या कारणावर. आता काच स्वच्छ होती असं लिहून दिलंस, की मुदतवाढीचं कारणच खोटं. मुदतवाढ रद्द, रजिस्ट्रेशन रद्द. "पेपरमध्ये फक्त नव्या बाटल्यांचे आकडे दे. जुने पाच दाखवायचेच कशाला? विज्ञान खरंच राहतं की."

विज्ञान खरंच राहतं! हेच तर. विषाणू एकेरी आहे हे जगाला सांगता येतं, रावजींनी काच धुतली होती हे सांगता येत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली – आणि चोर तर कोणी नव्हताच.

मीही दर वर्षाच्या करारावरच आहे. पीएच.डी. झाली तर कायम होण्याची आशा, नाही झाली तर पस्तिसाव्या वर्षी बाबांच्या पेन्शनवर आणि वाडीतल्या सुपारीवर. हे सरांनी बोलून दाखवलं नाही. गरजच नव्हती.

"येते सर" म्हणून बाहेर आले.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगुळाचं निमित्त करून रावजींच्या गावाला गेले. रेवसच्या एसटीने, मग बांधावरून चालत. खारातली ती सरळ वाट, दोन्ही बाजूंना भात कापलेलं रान.

रावजी आता रेवसच्या लाँचवर दोर टाकतात. छप्पन्नाव्या वर्षी! सकाळची पाळी करून नुकतेच आले होते. तळहातांवर दोराचे चट्टे. त्यांची बायको रंगू. तिने चटई टाकली, पाणी दिलं, आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिला माहीत आहे. तिच्या पाठीकडे बघूनच कळलं.

मी वाक्यं ठरवून गेले होते. सगळी विसरले. म्हटलं, "रावजी, काच स्वच्छ होती. तुमच्या तळ्यातला विषाणूच वेगळा आहे. त्याला एकच धागा आहे."

त्यांना वेगळंच काहीतरी दिसलं त्यात. उठून मला तळ्यावर घेऊन गेले. "येकच? मंग त्यो जगतो कसा ओ?"

"जंतूच्या पोटात गेला की तिथे दुसरा बनवून घेतो."

"हुशार हाय." पाण्याकडे बघून असे हसले, जणू पोटच्या पोराचा नंबर आलाय. "बोल्लो व्हतो ना, आमच्या पान्यात कायतरी हाय."

मी म्हटलं, "मी लिहून देणार आहे. तुमची चूक नव्हती म्हणून."

हसणं गेलं. इकडे तिकडे बघितलं – तळ्यावर कोण ऐकणार होतं? "न्हाय न्हाय मॅडम. तसा काय लिवू नका. तुमची मुदत जाल ना! काच माजीच खराब व्हती. झाला ता झाला. डिग्री मिलूदे आदी."

"रावजी, काच खराब नव्हती! आकड्यांनी सिद्ध झालंय!"

"आकडं तुमचं. काच माजी," म्हणाले. आणि विषय बदलून जिताड्यांवर गेले.

कोणीतरी खरं कबूल करायला गेल्यावर समोरच्याने खोटंच धरून बसावं! मुदतवाढ काचेच्या कारणावर मिळाली हे यांना कळलं कसं, हेही कोडंच. शिपायांमध्ये बातम्या फिरतात म्हणा. निघताना रंगूवहिनी पहिल्यांदा बोलल्या. तिळगूळ हातावर ठेवून म्हणाल्या, "आमचा मानूस भोला हाय. तुमी न्हाय." गोड बोला म्हणाल्या नाहीत.

१७ जानेवारी, शुक्रवार

पत्र लिहिलं. फाडलं.

२० जानेवारी, सोमवार

परत लिहिलं. 'माझी तक्रार चुकीच्या गृहीतावर होती.' चांगलं वाक्य आहे. दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरेन आणि चुरगळून टाकेन, माझी मला खात्री आहे. पर्समध्ये तो डिसेंबरचा पेढा सापडला. दगड झालाय.

२२ जानेवारी, बुधवार

सरांनी पेपरचा मसुदा पाठवला. आभारात सोळा नावं. मशीन दुरुस्त करणाऱ्याचंसुद्धा. पाण्याचा उगम – 'रायगड किनाऱ्यावरील एक तळे'.

एक तळे!

मी रावजींचं नाव घातलं. संध्याकाळी मसुदा परत आला, नाव काढलेलं. शेरा – 'शिस्तभंगाचे प्रकरण असलेल्या व्यक्तीचा उल्लेख टाळावा.'

ते प्रकरण कोणी केलं? मी. आता त्याच प्रकरणामुळे त्यांचं नाव घेता येत नाही. स्वतःच गाठ मारायची आणि सुटत नाही म्हणून रडायचं.

२४ जानेवारी, शुक्रवार

वर्गात राहीला उभं केलं. सगळ्यांसमोर सांगितलं, तुझा प्रश्न बरोबर होता आणि मी उत्तर टाळलं. सारखं येत नाही. आकडे जुळले नाहीत की आधी विचारायचं, ही शिडीच आहे ना? ती एवढी लाजली की वहीत तोंड घातलं.

मागून कोणीतरी म्हणालं, "मॅडम, पण परीक्षेत काय लिहायचं?"

घरी येऊन बाबांना म्हटलं, पत्र देतेय सोमवारी. गेली पीएच.डी. तर गेली. बाबा उठून स्वयंपाकघरात गेले. चहात आलं जास्त घातलं, एवढंच.

२७ जानेवारी, सोमवार

दिलं पत्र. सुचिताने वाचलं, उठून कपाटातून रावजींची फाइल काढली. म्हणाली, "मॅडम, तुम्ही मागे घेतलंत तरी काही होणार नाही. त्यांना तुमच्या तक्रारीवर नाही काढलेलं. प्राचार्यांनी ती नुसती मागाहून जोडली."

फाइल माझ्याकडे फिरवली. माझ्या तक्रारीवर ७ डिसेंबर. तिच्याखाली एक अर्ज, सुचिताच्या अक्षरात. 'काचसामान मी नीट धुतले नाही. यात मॅडमची काही चूक नाही. तरी त्यांना मुदत मिळावी.' खाली रावजींची सही, एकेक अक्षर सुटं.

"त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. तासभर बसले होते इथे, शब्द नीट आला पाहिजे म्हणून. मॅडमना सांगू नका म्हणाले. आता हे फक्त तेच मागे घेऊ शकतात."

तारीख ५ डिसेंबर. गुरुवार. माझा ट्रे सिंकमध्ये पडला होता, तोच तास.